चौपन्न किलो सहाशे ग्रॅम

शार्लव्हिल, क्वीन्सलंड
६ मार्च २०११

मेव्हण्या व्हर्न,

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हा कागदाचा खटाटोप. माझं अक्षर लागत नाही अशी कुरकुर करू नकोस, चाळीस वर्षं मी लगाम धरलाय, पेन नाही.

सरळच सांगतो. लघवीतून रक्त जात होतं. मी बीट खाल्लं असेल म्हणून दोन महिने गप्प बसलो. शेवटी लेकीनं, ट्रूडीनं, धरून तिच्या टुवुम्बाच्या दवाखान्यात नेलं. मूत्राशयात गाठ आहे आणि ती वाईट आहे. आधी तीन तीन आठवड्यांनी औषधाचे चार हप्ते शिरेतून द्यायचे, मग मूत्राशयच काढून टाकायचं, असं ठरलंय. डॉक्टर म्हणतात, काढलं तर मी बऱ्यापैकी जगेन.

आता गंमत ऐक. डॉक्टर मला म्हणाले, "मिस्टर स्कॅनलन, वजन कमी होऊ देऊ नका. पन्नासच्या खाली गेलात तर आम्हाला थांबावं लागेल आणि शस्त्रक्रियेचा विचार नव्यानं करावा लागेल." उभ्या जन्मात मला, एका जॉकीला, हे वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं! तुझी बहीण जिवंत असती तर हसून हसून खाली बसली असती. नोरीननं भाजलेल्या मटणाचा वास घेऊन मी बिस्किटावर दिवस काढलेत. गरम पाण्याच्या टबात बसून घाम गाळलाय. आणि आता म्हणे खा, लोणी लावून खा.

पण "नव्यानं विचार" म्हणजे काय ते मला कळतं. आपल्या सेसिल नालवाल्याच्या बाबतीतही असाच नव्यानं विचार केला होता. घरी पाठवलं, आणि ऑगस्टमध्ये आपण त्याला पुरलं. तेव्हा वजन सोडायचं नाही.

पहिल्या दिवशी काट्यावर ५४.६ भरलो. तुझ्या वहीत लिहून ठेव. ट्रूडीला माझी भीती कळवू नकोस, ती आधीच रडकुंडीला आलीय.

तुझा,
आल्बी


डेव्हनपोर्ट, टास्मानिया
१२ मार्च २०११

प्रिय आल्बी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा अक्षरासाठी, दुसऱ्यांदा मजकुरासाठी, तिसऱ्यांदा का ते सांगत नाही.

बीट! गाढवा, घोड्याच्या लघवीचा रंग जरा बदलला तर तू मध्यरात्री पशुवैद्याला उठवायचास.

वहीत लिहिलं आहे. जुन्याच वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. पुढच्या पानांवर तू आहेसच, कनामला, क्विलपी, ऑगथेला, प्रत्येक शर्यतीआधीचं वजन आणि नंतरचं. एकतीस वर्षं मी शर्यतीच्या मैदानावर जॉकींना तोलत त्या काट्यापाशी बसलो आणि माझ्याच बहिणीच्या नवऱ्याला एका ग्रॅमची सूट दिली नाही, हे लोक अजून सांगतात. तू मात्र सांगायचास की मी सूट दिली नाही म्हणून नोरीन माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

खा. अंडी खा, दूध पी, चीज खा. हप्त्याच्या आधी दर वेळी भरलेला आकडा मला कळव, दशांशासकट. आणि अगदीच हलका भरलास तर खोगिराच्या खिशात शिशाची पट्टी सरकव, मी पास करतो! हलका जॉकी शिसं घालून वजन पुरं करतो, यात लाज कसली.

तुझा,
व्हर्न


शार्लव्हिल
२३ मार्च २०११

मेव्हण्या,

पहिला हप्ता झाला. सतरा तारखेला काट्यावर ५४.६.

औषधानं पोटात असं ढवळतं की चहाचा वाससुद्धा नको होतो. पण ते सोड. तिथं मेगन लो म्हणून एक आहारवाली पोरगी आहे. माझ्यासारख्यांवर ती काहीतरी अभ्यास करते, मी हो म्हटलं. उपाशीपोटी आडवं करते आणि डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट ठेवते. केकवर ठेवतात ना, तसा. अर्धा तास हलायचं नाही, बोलायचं नाही, झोपायचंही नाही. आपला श्वास नळीतून यंत्रात जातो आणि काहीही न करता शरीर किती जाळतं ते यंत्र सांगतं. मी म्हटलं, "पोरी, काहीही न करणं हे कष्टाचं काम आहे." ती म्हणाली, "तुमचं शरीर झोपेतही काम करतंय, गाठ त्याला पळवतेय. तुम्ही किती खाता आणि ते किती जाळतं, हे जुळलं पाहिजे."

जुळलं पाहिजे म्हणे. आपण तर सगळं आयुष्य ते जुळू नये म्हणून खपलो.

अंगाचं एक चित्रही काढतात. हाड किती, चरबी किती, मांस किती ते त्यात वेगळं दिसतं. त्या दिवशी मला वेळ नव्हता, पुढच्या खेपेला म्हटलं.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यांनी धीर आला.

आल्बी


डेव्हनपोर्ट
३१ मार्च २०११

प्रिय आल्बी,

५४.६, लिहिलं. उलट्या होऊनही वजन टिकवलंस, शाबास. मी इथं शेजारच्या बाईंना अभिमानानं सांगितलं. त्यांना शर्यतीतलं काही कळत नाही, पण त्या "वा" म्हणाल्या.

चित्र काढून घे. वेळ नव्हता म्हणजे काय? तुला कुठली शर्यत गाठायची होती?

इथं सफरचंदं उतरतायत. एक खोका पाठवलाय.

व्हर्न


शार्लव्हिल
१५ एप्रिल २०११

व्हर्न,

सफरचंदं मिळाली. तोंडाला पत्र्याची चव येते, पण किसून खाल्ली.

दुसरा हप्ता सात तारखेला झाला. ५४.६. बघ, पठ्ठ्या कसा टिकून आहे!

बाकी थोडी गडबड आहे. कानात सारखी शिट्टी वाजते. ट्रूडी बोलते ते निम्मं कळत नाही, म्हणजे मी तुझ्या पंगतीला येऊन बसलो. बोटांची टोकं बधिर झालीत. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, आणि सुईत दोरा ओवायला तर काल अख्खी सकाळ गेली. पायऱ्या चढताना मांड्या थरथरतात. ज्या मांड्यांत पाचशे किलोचा घोडा धरून ठेवला, त्या आता खुर्चीतून उठायला हाताची मदत मागतात. वय झालं, दुसरं काय.

मेगन जरा डोकं खाते. म्हणते, "घुमटातला आकडा तुमच्या वजनाशी जुळत नाही, इतक्या वजनाच्या माणसाच्या मानानं तुम्ही फारच कमी जाळता." तिनं यंत्र दोनदा तपासलं. मी म्हटलं, यंत्राला काय कळतं. चित्राच्या खोलीत अंगावरचं सगळं उतरवून पातळ झगा घालावा लागतो, पट्टासुद्धा चालत नाही, धातू नको म्हणे. मी म्हटलं मला थंडी वाजते, पुढच्या खेपेला.

तिसरा हप्ता अठ्ठावीसला, ईस्टरनंतर. मंगळवारी सव्वीसला सकाळच्या बसनं निघेन. दोन झाले, दोन उरले. मग काढून टाकतील आणि मी मोकळा.

आल्बी


डेव्हनपोर्ट
२१ एप्रिल २०११

आल्बी,

हे पत्र तातडीच्या टपालानं पाठवतोय. उघडलंस की आधी बस आणि मग वाच.

काल रात्रीपासून वही उघडून बसलोय. सहा मार्चच्या पत्रात ५४.६. सतरा मार्चला ५४.६. सात एप्रिलला ५४.६. एकतीस वर्षांत मी हजारो माणसं तोलली. सकाळी एक, दुपारी दुसरं, पाण्याचा पेला प्याला की तिसरं. जित्या माणसाचा आकडा हलतो. ग्रॅमला ग्रॅम तोच आकडा पुन्हा पुन्हा फक्त त्यांचाच यायचा, जे काट्यावर चढण्याआधी घरी स्वतःला तोलायचे आणि राहिलेली तूट शिशानं भरायचे.

एकाहत्तर वर्षांच्या विधुराला सुईदोरा कशाला लागतो, आल्बी?

नोरीननं तुला शिवून दिलेलं ते जाकीट, आतून खिसे असलेलं, ते शिसं भरून तू दवाखान्यात घालून जातोस. हो ना? आणि ते मी तुला सांगितलं. चेष्टेत लिहिलं होतं रे. पण तू माझ्या शब्दाला निकाल मानतोस हे मला ठाऊक असायला हवं होतं. तुझ्या लेखी ही फसवणूक नाहीच, मला कळतं. हलका भरलास, शिसं घातलंस, नियमात बसलं. पण आपल्या नियमात घोड्याला किती ओझं देताय ते मोजतात. इथं घोडा तूच आहेस.

आता नीट ऐक. जंताचं औषध पाजताना आपण घोड्याला किती द्यायचो? वजनावर. हडकुळ्या घोडीला धट्ट्याकट्ट्या घोड्याचं माप पाजून तबेल्यातल्या पोरानं ती जवळजवळ मारली होती, विसरलास? तुझ्या शिरेत जातं ते औषधही तुझ्या वजनावर मोजत असणार. तू अंगावर शिसं चढवतोस, ते शिशाचंही औषध काढतात आणि देतात तुला एकट्याला. कानातली शिट्टी, बोटं, हे वय नाही.

तिसरा हप्ता घेण्याआधी जाकीट काढ. मेगनला सांग. वजन पन्नासच्या खाली निघालं तर निघू दे.

ट्रूडीला मी कळवलेलं नाही, तू नको म्हणालास म्हणून. शेजारच्या बाईंना तिला फोन करायला सांगावं का, असं दहादा मनात आलं. पण तू स्वतःच सांगावंस असं वाटतं. मला भीती वाटतेय, आल्बी.

व्हर्न


टुवुम्बा
२ मे २०११

व्हर्नमामा,

तुझं पत्र मी उघडलं. बाबांच्या टपालाच्या पेटीत पडलं होतं. गुड फ्रायडेपासून मंगळवारपर्यंत टपाल बंद होतं, तुला तिकडे ध्यानात आलं नाही का? ते बुधवारी पोचलं आणि बाबा मंगळवारी निघाले होते.

अठ्ठावीसला तिसरा हप्ता दिला. ५४.६. तिसाव्या तारखेला बाबांना ताप भरला, रक्तदाब उतरला, मूत्रपिंडं काम करेनाशी झाली. ते अतिदक्षता विभागात आहेत. कधी मला ओळखतात, कधी मला आई समजतात. काल त्यांचे जास्तीचे कपडे आणायला शार्लव्हिलला गेले तेव्हा तुझं पत्र हाती लागलं.

जाकीट इथंच होतं, माझ्याच घरात, दाराच्या खुंटीला. दर तीन आठवड्यांनी ते माझ्याकडे यायचे आणि मी रोज त्याच्या शेजारी माझा कोट अडकवत होते. उचलायला गेले तर हातातून निसटलं. पाच किलो सातशे ग्रॅम शिसं. म्हणजे बाबा अठ्ठेचाळीस किलो नऊशे. शिलाई इतकी वाकडी आहे, मामा. बधिर बोटांनी घातलेले टाके बघवत नाहीत.

पत्र मी डॉक्टरांना दिलं. ते म्हणाले, औषध थोडं जास्त गेलं हे खरं, पण तेवढ्यानं एवढं झालं नसतं. खरी गोष्ट अशी की त्यांच्या अंगावरचं मांस झडत चाललं होतं आणि आम्हाला ते दिसलंच नाही. दिसलं असतं तर दुसऱ्या हप्त्यालाच थांबलो असतो, खाणं वाढवलं असतं, नाकातून नळी घातली असती. "थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे," असं ते मला दोनदा म्हणाले. बाबांना हे एकदाही कोणी नीट सांगितलं नाही. मेगन माझ्याजवळ बसून रडली. तिचं यंत्र पहिल्यापासून खरं बोलत होतं.

मला तुझा राग आलाय. तुला एकवीस तारखेला कळलं होतं. मला एक फोन करायला शेजारणीला सांगितलं असतंस तर? तुम्ही दोघं आयुष्यभर एकमेकांचं झाकत आलात आणि आई मध्ये. आता मध्ये मी.

ट्रूडी


डेव्हनपोर्ट
७ मे २०११

ट्रूडी पोरी,

तुझा राग रास्त आहे. मी कारणं देत नाही. शिसं घालायचं मीच लिहिलं, आणि कळल्यावर मीच टपालाच्या पेटीवर भरवसा ठेवला. त्याच्या मानाला जपलं आणि जिवाला नाही.

त्याला शुद्ध आली की सांग, व्हर्नचा निकाल चुकला, व्हर्ननं तो मागे घेतलाय. एवढंच सांग. शेजारच्या बाई रोज संध्याकाळी तुला फोन करतील आणि तू सांगशील ते मला कागदावर लिहून देतील. रोज.

मामा


टुवुम्बा
२९ मे २०११

मेव्हण्या,

हे ट्रूडी लिहितेय, मी बोलतोय. ती ओरडून विचारते आणि मी ओरडून सांगतो. वॉर्डातले लोक कंटाळलेत.

मेलो नाही. मूत्रपिंडं परत कामाला लागली, आधीइतकी नाहीत. कान गेले ते गेलेच. चौथा हप्ता रद्द. शस्त्रक्रियेचं मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी पाटीवर लिहून दिलं, "तुम्ही तयार झालात तर करू. तयार करणं आपल्या दोघांचं काम." मग मी त्यांना सेसिलचं सांगितलं. ते खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. सेसिलची गाठ पसरली होती म्हणून थांबले होते. मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

अंगाचं चित्र काढलं. उघडा झोपलो, झग्यात. मेगननं दाखवलं. माझ्या मांड्या, व्हर्न. आत दोरीएवढं मांस उरलंय. ज्या मांड्यांसाठी लोक मला बोलवायचे त्या. मी पडद्याकडे बघून रडलो, तू नव्हतास म्हणून सांगतो.

वजन ४६.८. आता आठ आठवडे आहेत. दिवसातून सहा वेळा खायचं, अंडी, मासे, दुधात पावडर. खुर्चीतून हात न लावता उठायचं, आधी एकदा, मग पाचदा. मेगन म्हणते, पन्नास नाही झालं तरी चालेल, एकोणपन्नास झालं आणि पाचदा उठलो तर ती स्वतः शिफारस करेल.

मला भीती वाटते की नाही होणार. आधीही वाटत होती, तेव्हा लिहिली नाही. आता लिहितो.

एक मागणं आहे. त्या दिवशी काट्यापाशी तू हवास. माझा दुसऱ्या कोणावर भरवसा नाही, आणि खरं सांगायचं तर माझा माझ्यावरही नाही.

आल्बी

(मामा, त्यांनी आज दोनदा उठून दाखवलं. तिसऱ्यांदा मी धरलं. ये. ट्रूडी)


डेव्हनपोर्ट
१० जून २०११

आल्बी,

तुझे दर आठवड्याचे आकडे शेजारच्या बाईंनी लिहून दिले. ४६.८. ४७.१. मग पुन्हा ४६.९, आणि त्या घसरणीवर तू दिवसभर तोंड फिरवून पडून राहिलास म्हणे. वेड्या, मला त्या दोनशे ग्रॅमांचा केवढा आनंद झाला! आकडा हलतोय. म्हणजे काट्यावर तूच उभा आहेस.

मला विमानाची भीती वाटते हे तुला माहीत आहे. तिकीट काढलंय. सव्वीस जुलैला पोचतो.

व्हर्न


[दवाखान्याच्या खोलीतल्या चिठ्ठ्या, टुवुम्बा, २७ जुलै २०११]

व्हर्न, तू किती म्हातारा झालास. ओरडू नकोस, मला काही ऐकू येत नाही. लिही.

मलाही येत नाही. तू ओरडतोस ते फक्त नर्सला ऐकू येतं. खिसे दाखव.

झग्याला खिसे नसतात, मूर्खा.

तरी दाखव. चपला काढ. चष्मा काढ. ट्रूडीचा हात सोड.

ती मला धरत नाहीये, मी तिला धरलंय. ती घाबरलीय.

दोघंही सोडा. हलू नकोस. श्वास घेतलास तरी चालेल.

किती? तुझं तोंड बघून कळत नाही. तुझं तोंड कधीच कळायचं नाही. पन्नास वर्षं झाली, लवकर लिही ना.

आल्बर्ट स्कॅनलन. ४९.२. शिसं नाही. पास.

मेगनला दाखव, पाचदा उठलो ते तिनं सकाळीच मोजलंय. डॉक्टरांना दाखव. व्हर्न, उद्या सात वाजता नेणार मला. समजा टेबलावरच काही झालं तर. ट्रूडीला तू सांग, मला तोंडानं जमत नाही आणि एवढं सगळं लिहायला बोटं साथ देत नाहीत.

मी काही सांगणार नाही. तूच ये आणि सांग. नियम विसरलास? शर्यतीनंतर जॉकीनं परत येऊन काट्यावर उभं राहायचं असतं, तोवर निकाल लागत नाही. वहीत तुझ्या नावापुढे दुसरा रकाना कोरा ठेवलाय. मी इथंच, काट्याशेजारच्या खुर्चीत बसलोय.